काजीची मोहोर आणि आकाशातला दगड

१९ डिसेंबर १७९८. काशीत रात्रीचे आठ वाजण्याचा सुमार. जिल्ह्याचे न्यायाधीश आणि दंडाधिकारी सॅम्युअल डेव्हिस घरातल्या खोलीत होते. काचेच्या खिडकीतून एकाएकी इतका उजेड आत आला की तावदानांमधल्या पट्ट्यांच्या सावल्या खालच्या गडद गालिच्यावर स्वच्छ उमटल्या. लख्ख चांदण्याइतका तो उजेड होता, असे त्यांनी नंतर सांगितले. थोड्याच वेळात तो विझला.

त्याच वेळी जौनपूरच्या आसपास राहणाऱ्या काही गोऱ्या स्त्री-पुरुषांनी आकाशात आगीचा मोठा गोळा जाताना पाहिला. त्यामागून गडगडाट ऐकू आला. नवशिक्या शिपायांच्या तुकडीने एकसाथ झाडायच्या बंदुका मागेपुढे झाडाव्यात, तसा तो आवाज होता, असे त्यांचे वर्णन आहे. काशीपासून चौदा मैलांवर, गोमतीच्या उत्तर काठी एक गाव होते. इंग्रजांच्या कानाने त्याचे नाव टिपले ते क्राखुट असे. तिथले लोक रात्रीची कामे उरकून घरात शिरले होते. त्यांना आकाशातून उतरणारा प्रखर उजेड दिसला, मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि पाठोपाठ आजूबाजूला काहीतरी जड वस्तू धपाधप पडल्याचे ऐकू आले. आकाश निरभ्र होते. अकरा तारखेपासून ढगाचा ठिपकाही कुणी पाहिला नव्हता.

उल्केविषयी लिहिणारे बहुतेक जण आकाशाविषयी लिहितात. मला लिहायचे आहे ते जमिनीवरच्या माणसांविषयी. कुणी पाहिले, कुणी सांगितले, कुणाचे ऐकले गेले आणि कुणाचे नाव कागदावर आले. माझे आजोळ काशीचे. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपैकी एक. तिथे लहानपणी मी ग्रहणाच्या, पुराच्या आणि घाटावरच्या संन्याशांच्या असंख्य गोष्टी ऐकल्या. पण काशीजवळ पडलेल्या काही दगडांनी जगाचे मत बदलायला हातभार लावला, ही गोष्ट घरात कुणी सांगितली नाही. ती मला लंडनच्या रॉयल सोसायटीच्या १८०२ सालच्या नियतकालिकात वाचायला मिळाली.

आधी शब्दांचे पाहू. मराठीत रात्री तारा तुटतो किंवा निखळतो. शास्त्राच्या पुस्तकात ती उल्का होते. शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात, आणि तिच्यातून जमिनीवर येऊन पडणाऱ्या दगडाला किंवा लोखंडाला अशनी. हे शब्द नवे नाहीत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांसाठी एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. स्वर्गात पुण्यफळ भोगून खाली पडणाऱ्यांची ही रूपे, असे तो सांगतो आणि त्यांचे पाच प्रकार करतो: धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा. त्यातली अशनी मोठ्या आवाजाने, चक्रासारखी फिरत, माणसांवर, जनावरांवर, घरांवर, झाडांवर पडते आणि जमीन फोडते. कोणत्या प्रकाराचे फळ किती दिवसांत मिळते हेही त्याने दिले आहे. शकुनाचा भाग बाजूला ठेवला, तर एक गोष्ट उरते. आकाशातून आवाज करत जड वस्तू येते आणि जमिनीत घुसते, याबद्दल वराहमिहिराला शंका नव्हती.

जहांगीर बादशहालाही ती नव्हती. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधर परगण्यातल्या एका गावी सकाळी पूर्वेकडून भयंकर आवाज झाला आणि आकाशातून उजेड जमिनीवर पडला. तिथला आमील महंमद सईद याने जागेवर जाऊन पाहिले, जळालेली जमीन खणवली आणि आत सापडलेला तप्त लोखंडाचा गोळा दरबारी पाठवला. बादशहाने तो आपल्यासमोर तोलवला. वजन १६० तोळे भरले. उस्ताद दाऊदने त्यात साधे लोखंड मिसळून शस्त्रे घडवली. हे सारे जहांगीरने स्वतःच्या आत्मवृत्तात तारीख, परगणा आणि अधिकाऱ्याच्या नावासकट लिहून ठेवले आहे. त्या लोखंडाची एक सुरी आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

मग अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्याने सिद्ध करण्यासारखे काय राहिले होते? त्यासाठी युरोपकडे वळावे लागते. तिथे याच शतकात विद्वानांनी आकाशातून पडणाऱ्या दगडांना खोटे ठरवले होते. १७६८ साली फ्रान्समध्ये ल्यूसे गावाजवळ शेतात काम करणाऱ्यांनी दगड पडताना पाहिला. पॅरिसच्या अकादमीने तो तपासायला तिघांना दिला, त्यांत तरुण लाव्हाझिये होता. हा जमिनीतलाच दगड असून त्यावर वीज पडली असावी, असा त्यांचा निष्कर्ष १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला. १७९० साली नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बार्बोतां इथे दगडांचा वर्षाव झाला. जवळच्या एका गावच्या महापौराने आणि गावकऱ्यांनी रीतसर पंचनामा करून सह्या केल्या. बर्थोलों नावाच्या विद्वान संपादकाने त्याची कीव केली. एक अख्खी नगरपालिका लोककथेला दाखला देते, हे त्याला लाजिरवाणे वाटले. लाव्हाझियेसारख्या माणसाला मूर्ख म्हणण्याचे कारण नाही. अंतराळ मोकळे आहे, ग्रह आणि धूमकेतूंखेरीज तिथे काही फिरत नाही, ही त्या काळची मान्य कल्पना होती. तिच्यात हे दगड बसत नव्हते. मग पाहणाऱ्यांनाच काही समजले नाही असे म्हणणे सर्वांत सोपे होते. पाहणारे बहुधा नांगरणारे, गुरे राखणारे असत, त्यामुळे ते आणखी सोपे झाले.

ही कोंडी फोडणारा पहिला माणूस कायदा शिकलेला होता. अर्न्स्ट क्लाडनी याची ख्याती खरे तर ध्वनिशास्त्रातली. पण १७९४ साली त्याने एक लहानसे पुस्तक काढले. त्यात अग्निगोल आणि पडलेल्या दगडांच्या जुन्या-नव्या हकिकती शेजारी शेजारी मांडल्या. एकमेकांना कधीही न भेटलेली, वेगवेगळ्या देशांतली आणि शतकांतली माणसे तेच सांगत आहेत, उजेड, आवाज, काळ्या कवचाचा दगड, तर न्यायालयात अशा साक्षी ग्राह्य धरल्या जातात, मग इथे का नाही, असा त्याच्या विचाराचा रोख होता. अग्निगोल आणि दगड ही एकाच घटनेची दोन टोके आहेत आणि ती वस्तू पृथ्वीबाहेरून येते, असे त्याने लिहिले. त्याच्यावर टीका झाली. पुरेसे दगड आणि पुरेशी ताजी साक्ष एकत्र हाती नव्हती.

ती काशीहून आली.

योगायोग असा की डेव्हिस हे नुसते दंडाधिकारी नव्हते. सूर्यसिद्धान्ताच्या रीतीने ग्रहणाचे गणित कसे करतात, याविषयी त्यांचा निबंध काही वर्षांपूर्वीच एशियाटिक रिसर्चेसमध्ये आला होता. आकाशाचे गणित आणि साक्षीपुरावा ही दोन्ही कामे त्यांच्या सवयीची होती. दगड पडल्याची बातमी काशीत पोहोचली तेव्हा त्यांनी एका हुशार माणसाला गावी धाडले. गावकरी त्याला म्हणाले, आम्ही उचललेले दगड फुटले, वाटले गेले, काही तहसीलदाराकडे गेले. पण शेतात जा, अजून सापडतील. पीक दोनतीन बोटेच वर आले आहे, माती कुठे नुकती उकरल्यासारखी दिसते तेवढे पाहा. तो गेला आणि त्याला चार दगड मिळाले. नुकतेच पाणी दिलेल्या शेतात बहुतेक दगड सुमारे सहा इंच खोल रुतले होते, एकमेकांपासून शंभरेक यार्डांवर. खोली दाखवायला तो मापही घेऊन आला.

कलेक्टरचे साहाय्यक अर्स्किन यांनी वेगळा माणूस पाठवला. त्यानेही दगड आणले आणि तीच हकिकत आणली. शिवाय तिथल्या काजीला चौकशीचा हुकूम झाला होता. काजीने आपल्या सहीशिक्क्याने हकिकतीला दुजोरा दिला. मॅक्लेन नावाचे एक गृहस्थ गावाजवळच राहत. त्यांच्या घरी पहाऱ्यावर असलेल्या चौकीदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एक दगड आणून दिला. तो त्याच्या झोपडीच्या छपरातून आत आला होता आणि ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जमिनीत काही इंच घुसला होता. फुटण्यापूर्वी त्याचे वजन दोन पौंडांहून अधिक असावे.

या सगळ्या हकिकती एकत्र केल्या जॉन लॉइड विल्यम्स यांनी. काशीत राहणारे हे रॉयल सोसायटीचे सभासद. मानमंदिर वेधशाळेविषयी आणि इथल्या बर्फ तयार करण्याच्या रीतीविषयी त्यांनी पूर्वीच सोसायटीला लिहिले होते. त्यांनी स्वतः जवळजवळ अखंड असे आठ दगड पाहिले. त्यांतल्या एकाची लांबी सव्वाचार इंच आणि वजन दोन पौंड बारा औंस, म्हणजे सुमारे सव्वा किलो. बाहेरून कठीण काळे कवच, आत भुरकट खरखरीत अंग आणि त्यात बारीक गोल कण. भारताच्या भूमीवर ज्वालामुखी नाही आणि या भागात जमिनीत असला दगड कुणाला मिळालेला नाही, हेही त्यांनी नोंदवले.

रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांनी हे काम एडवर्ड हॉवर्ड या रसायनतज्ज्ञाकडे सोपवले. हॉवर्डने चार ठिकाणचे दगड घेतले: काशीचा, इटलीतल्या सिएनाचा, बोहेमियातला आणि इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या वोल्ड कॉटेज इथला. फ्रान्समधून आलेले निर्वासित खनिजतज्ज्ञ काउंट द बूर्नों यांनी प्रत्येक दगडातले घटक भिंगाखाली वेगवेगळे केले. ते बारीक गोल कण, गंधकयुक्त लोह, धातूचे कण आणि त्यांना धरून ठेवणारी माती. हॉवर्डने त्यांचे स्वतंत्र पृथक्करण केले. चारही दगडांतल्या लोखंडात निकेल निघाले. हजारो मैलांवरच्या चार शेतांत पडलेले चार दगड एका घरातल्या भावंडांसारखे होते, आणि ते ज्या जमिनीत सापडले तिच्याशी त्यांचे काहीच नाते नव्हते. हा निबंध फेब्रुवारी १८०२ मध्ये वाचला गेला. पुढच्याच वर्षी २६ एप्रिलला फ्रान्समध्ये लेग्ल इथे सुमारे तीन हजार दगड पडले. चौकशीला गेलेला तरुण बिओ गावोगाव फिरला. दगडांचा पुरावा आणि माणसांच्या सांगण्याचा पुरावा असे दोन भाग करून त्याने अहवाल दिला. त्यानंतर वाद फारसा उरला नाही.

विज्ञानाच्या इतिहासात ही गोष्ट सहसा अशी सांगितली जाते: आधी लोकांच्या ऐकीव गोष्टी होत्या, मग रसायनशास्त्र आले आणि सत्य कळले. मला हे मांडणे अपुरे वाटते. निकेल सापडले ते दगडात, पण दगड सापडले ते पिकाची उंची आणि उकरलेली माती यांकडे बोट दाखवणाऱ्या शेतकऱ्यांमुळे. तो दगड आकाशातून आला हे हॉवर्डची परीक्षानळी सांगू शकत नव्हती. दगड परका आहे, एवढेच ती सांगू शकली. तो वरून आला हे सांगणारा होता चौकीदार, ज्याच्या छपराला भोक पडले होते. दोन्ही पुरावे एकत्र आल्यावरच गोष्ट पूर्ण झाली.

विल्यम्सच्या पत्रात एक वाक्य आहे, ते मला नेहमी अडवते. या घटनेत आपल्या एखाद्या देवतेचा हात असेल की काय या शंकेने गावकरी रात्री बाहेर पडले नाहीत, अशा अर्थाचे ते आहे. ते खरेही असेल. पण डोक्यावर गर्जना होते आहे, अंधारात आजूबाजूला जड वस्तू आदळताहेत, अशा वेळी घरात थांबणाऱ्या माणसाला मी अंधश्रद्ध म्हणणार नाही. उजाडल्यावर त्यांनी केले काय? शेतात गेले, माती कुठे हलली आहे ते पाहिले, खणले, दगड बाहेर काढला आणि दुसऱ्याला कुठे शोधायचे ते नेमके सांगितले. पॅरिसच्या अकादमीला चार वर्षे जे साधले नाही, ते या लोकांनी एका सकाळी केले.

आणि इथे भाषेचा प्रश्न येतो. गावातल्या माणसाने जे पाहिले ते तो भोजपुरीसारख्या त्याच्या रोजच्या बोलीत बोलला असणार. काजीचा कागद कचेरीच्या रिवाजाप्रमाणे फारसीत असणार. विल्यम्सने त्याचे इंग्रजी केले. हॉवर्डच्या निबंधाची वार्ता लगेच फ्रेंचमध्ये गेली आणि लेग्लच्या आधीच तिथे खळबळ झाली. प्रत्येक पायरीवर काही टिकले, काही गळले. तारीख टिकली, वेळ टिकली, सहा इंच टिकले, दोन पौंड बारा औंस टिकले. गळली ती माणसांची नावे. डेव्हिस, अर्स्किन, मॅक्लेन, विल्यम्स ही नावे आपल्याला माहीत आहेत. ज्याने चार दगड आणले तो हुशार माणूस, ज्याने सहीशिक्का दिला तो काजी, तहसीलदार आणि चौकीदार, यांपैकी एकाचेही नाव छापील पत्रात नाही. काजीने तर कागदावर मोहोर उठवली होती. म्हणजे त्याचे नाव त्या कागदावर होते आणि ते उतरवून घेणे कुणाला आवश्यक वाटले नाही. याउलट वोल्ड कॉटेजचा दगड ज्याच्यापासून काही अंतरावर पडला त्या नांगऱ्याचे नाव, जॉन शिप्ली, आजही प्रत्येक पुस्तकात मिळते. तिथल्या जमीनदाराने शपथेवर जबान्या घेतल्या आणि १७९९ साली शेतात विटांचा स्तंभही उभारला.

साक्षीदाराचे महत्त्व आता संपले, आता कॅमेरे आहेत, असे कुणी म्हणेल. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ मला आठवते. पाडवा होता. मी नागपुरात होतो, गुढी उतरवून झाली होती. पावणेआठच्या सुमारास पश्चिमेकडून पूर्वेकडे तेजस्वी ठिपक्यांची एक रांग जाऊ लागली, मागे लांब शेपटे. मी मनात आकडे मोजत होतो आणि ते संपत नव्हते. हाच त्या दृश्याचा खरा तपशील होता. उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने येते आणि काही सेकंदांत संपते. इतकी सावकाश, आडवी चाल पृथ्वीभोवती फिरत असलेल्या वस्तूची. त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. चिनी रॉकेटचा हा अवशेष असावा, असे अभ्यासकांनी सांगितले. चित्रफिती हजारो निघाल्या. पण मोबाइल हलता, दिशा नाही, वेळ नाही, कुठून घेतली ते नाही. अशी शंभर चित्रे मिळूनही क्राखुटच्या एका शेतकऱ्याच्या वाक्याची बरोबरी करत नाहीत.

या वाक्याला किती किंमत असते, त्याचे उदाहरण फार दूरचे नाही. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातमध्ये सौराष्ट्राच्या आकाशात अग्निगोल दिसला आणि धजाळा गावाच्या परिसरात दगड पडले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी गावोगाव फिरून लोकांकडून सुमारे ४५ किलो तुकडे जमवले. त्याचबरोबर त्यांनी पाहणाऱ्यांना विचारले: तुम्ही कुठे उभे होता, गोळा कुठून आला, कोणत्या झाडावर किंवा घरावर संपला. या साक्षींवरून त्या दगडाची सूर्याभोवतीची कक्षा काढली गेली आणि १९७८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. माणूस मेघगर्जना ऐकतो, घराच्या कौलाकडे बोट दाखवतो, आणि त्यावरून एका दगडाचा मंगळापलीकडचा पत्ता लागतो.

काशीचा दगड आजही जगभरच्या संग्रहालयांच्या यादीत ‘बनारस’ याच नावाने आहे. मी तो प्रसंग वाचतो तेव्हा मला डेव्हिस यांच्याइतकाच तो चौकीदार दिसतो. रात्रभर त्याने फुटक्या छपराखाली काढली असेल. सकाळी जमीन उकरून तो दगड मालकाकडे घेऊन गेला आणि जे झाले ते सांगितले. त्यात त्याने काही मिसळले असावे असे कुणाला वाटले नाही, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे.

तेजस्वी उल्का कुणाच्याही आयुष्यात एकदोनदा दिसते. दिसली तर घड्याळ पाहावे. ती कुठे सुरू झाली आणि कुठे विझली, ते समोरच्या झाडाच्या, खांबाच्या, गच्चीच्या खुणेने लक्षात ठेवावे. उजेड गेल्यावर लगेच आत जाऊ नये, कारण तीस किलोमीटर उंचीवरचा आवाज खाली यायला दीड मिनिट लागते. तो आला तर मधले अंतर मोजावे. मग आपल्या भाषेत, बोलतो तशाच शब्दांत, सगळे लिहून काढावे, आणि खाली आपले नाव घालावे.